मागच्या दाराचा शिष्य

“मग मयताला खांदा कोण देणार?” बर्नबाकाकांनी उभं राहून विचारलं.

रविवारची उपासना केव्हाच संपली होती, पण पाळकसाहेबांनी कुणाला बाकावरून उठू दिलं नव्हतं. रेव्हरंड सिलास पाटोळे आमच्या शेवरगावच्या मंडळीत नवेच होते. माणूस तळमळीचा, पण एका जागी उभं राहणं त्यांच्या नशिबातच नव्हतं. उपदेश करतानाही ते वेदीपासून पहिल्या बाकापर्यंत येरझारा घालायचे आणि पुढं बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या माना त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरायच्या. त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, की प्रभूनं जाताना एकच काम सांगितलं. शिष्य करा. हॉल बांधा म्हणून सांगितलं नाही, नाताळचा फराळ विका म्हणून सांगितलं नाही, कंपाउंडची भिंत उंच करा म्हणून तर नाहीच नाही. आपण बाकीचं सगळं हौसेनं करतो आणि सांगितलेलं तेवढं राहून जातं.

म्हणून यंदाच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, सगळं बंद. रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना आणि मागोमाग चहा-भजी व्हायची, ती बंद. कमिट्या बंद. आजाऱ्यांकडे बसायची पाळी बंद. प्रत्येक मोठ्या माणसानं फक्त एक शिष्य घडवायचा. त्यात एक अट अशी, की शिष्य शोधत कुणी हिंडायचं नाही. ज्याला शिकायचं आहे त्यानं आपल्या पायानं दारात यायचं आणि “मला शिकवा” म्हणायचं. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातल्या उपासनेत या जोड्या सगळ्यांसमोर उभ्या राहतील.

यावर काकांनी मयताचा प्रश्न काढला. बर्नबा चक्रनारायण हे मिशन दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. मंडळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली. कुणी आजारी पडलं की कोण कुठल्या दिवशी सोबतीला बसणार हे तेच ठरवत, आणि कुणी गेलं की सगळ्यात आधी तेच पोचत.

“पाळकसाहेब, मंडळी म्हणजे घर असतं,” काका म्हणाले. “आजाऱ्याजवळ बसावं, मेलेल्याला नीट पुरावं, कुणाला उपाशी झोपू देऊ नये. घरात कोण गुरू अन् कोण शिष्य?”

“काका, ज्या घरात वर्षानुवर्षं कुणी वाढतच नाही, त्या घराला काय म्हणायचं?”

“आमचं वाढायचं वय गेलं. मला शिकवा म्हणत या वयात मी कुणाच्या दारात जाणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.”

लोक हसले. मी हसले नाही. मी पाळकसाहेबांच्या बाजूची होते, अगदी पेटून त्यांच्या बाजूची होते.

कारण मला व्यासपीठ हवं होतं. मी विनोदिनी त्रिभुवन, हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवून गायनमंडळ सांभाळायची. माझे वडील याच देवळाचे पाळक होते. त्यांच्या पश्चात मी कंपाउंडातल्या दोन खोल्यांत एकटी राहत होते, छत्तिशी गाठली होती आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. वडिलांचे उपदेश मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि त्यांत काय कमी होतं तेही मला कळत होतं. उपदेशकाचा परवाना मिळावा म्हणून मी पूर्वी एकदा अर्ज केला होता. तेव्हा पंचांच्या बैठकीत बर्नबाकाकाच म्हणाले होते, की त्रिभुवनची पोर हुशार आहे, पण व्यासपीठ म्हणजे शाळेचा फळा नव्हे. अर्ज तिथंच बारगळला.

त्या रविवारी लोक पांगल्यावर पाळकसाहेब पेटीपाशी आले.

“बाई, परवान्याची बैठक ईस्टरनंतर आहे. तुमची शिफारस मी करीन. पण मला एक शिष्य दाखवा.”

“एकच?”

“एकच. ज्याच्याकडे एकही माणूस शिकायला येत नाही, त्याला व्यासपीठावर चढवून मी काय करू?”

मला ते पटलं. इतकं पटलं, की घरी जाऊन मी पुढची खोली झाडून घेतली.

मग सुरू झालं वाट पाहणं. सेक्रेटरी देठ्यांनी व्हरांड्यात जादाची खुर्ची टाकली. त्यांच्या बाईंनी पडदे बदलले. संध्याकाळ झाली की कंपाउंडातल्या प्रत्येक घरात दिवा लागायचा, दार सताड उघडं असायचं, चहाचं आधण चुलीवर असायचं आणि घरधनी पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. गावभर गुरू झाले होते, शिष्य एकही निघेना. कोण कुणाकडे जाणार? देठे माझ्याकडे येणार नाहीत, मी देठ्यांकडे जाणार नाही. विहिरीवर भेट झाली की एकमेकींना विचारायचं, “काय, आलं का कुणी?” आणि “अजून नाही” ऐकलं की तोंड वाईट करायचं, पण आतून बरं वाटायचं.

मी तर घरात पिंजऱ्यातल्या पोपटासारखी इकडून तिकडे करत होते. बाहेर पाऊल वाजलं की पदर सारखा करायचा. पाऊल पुढं गेलं की चिडायचं. दोन धड्यांची टिपणंही तयार होती. शेजारच्या करुणाला, नव्यानंच लग्न होऊन आलेल्या सुनेला, मी एकदा अडून अडून सुचवलंसुद्धा. ती म्हणाली, ताई, मला सकाळपासून रात्रीपर्यंत सासूबाई शिकवतातच की.

लेंटचा दुसरा आठवडा सरत आला असेल. संध्याकाळी मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. माझ्या मागच्या दाराशी मुलींच्या बोर्डिंगची जुनी पडकी भिंत आणि एक लिंब, तिकडून सहसा कुणी येत नसे. भिंतीच्या खिंडारातून बर्नबाकाका आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी. उन्हाळ्याच्या तोंडाशीही ते कोट सोडत नसत.

“विनू, आत कोण आहे?”

“कोणी नाही.”

ते उंबऱ्याशी उभे राहिले. आत यावं की न यावं असं त्यांचं चाललं होतं. मग टोपी काढून हातात घेतली.

“मला शिकव,” ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करायला आले. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

“काय शिकवू?”

“गाणं. संध्याकाळच्या उपासनेत शेवटी म्हणतात ना, ते. एकच, पण पुरतं.”

मी त्यांना आत बसवलं आणि समजावून सांगितलं, की पाळकसाहेबांच्या मनात शिष्य म्हणजे निराळं काही आहे. गाणं शिकवणं हे त्यात बसत नाही.

“ते तुझं तू ठरव. सालोमीला मी म्हटलेलं हवं आहे. म्हणते, मरायच्या आधी एकदा.”

सालोमीमावशी म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या बोर्डिंगवर त्यांनी उभा जन्म काढला होता. वर्षभरापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. गंमत अशी, की साऱ्या गावाला सोबतीच्या पाळ्या लावणारे काका स्वतःच्या घरी कुणाला पाळी लावू देत नसत. भाकरी घेऊन गेलेल्या बाईला ते दारातूनच आभार मानून परत पाठवत. मावशींचं सगळं तेच करत.

आणि काका गात नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी पेटीवरून लोकांची तोंडं बघत असते. काकांचं तोंड मी उघडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“ठीक आहे. शिकवते,” मी म्हटलं. मनात हिशेब झाला होता. गाणं तर गाणं. बर्नबा चक्रनारायण माझा शिष्य म्हणून कबरस्तानात उभा राहिला, तर पंचांतला एक तरी माझ्याविरुद्ध तोंड उघडेल का?

“पण हे कुणाला कळता कामा नये,” काका म्हणाले.

“काका, मला ईस्टरला शिष्य दाखवायचा आहे.”

“मग दुसरा बघ.”

ते उठलेच. मी त्यांना हाताला धरून बसवलं. दुसरा होता कुठं?

तेव्हापासून काका संध्याकाळी मागच्या दारानं येऊ लागले. खिडक्या लावून घ्यायच्या, पेटीचा भाता हलक्या हातानं हलवायचा आणि कुजबुजल्यासारखं गायचं, अशी आमची शिकवणी. काकांच्या गळ्यात सूर नावाची चीज नव्हती. मी षड्ज लावावा आणि त्यांनी भलतीकडेच निघून जावं. वर म्हणायचे, तुझी पेटी उतरली आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हटलं, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले.

मी गाण्याच्या आडून माझे धडेही घुसवून पाहिले. या ओळीचा अर्थ काय, त्या ओळीतून आपल्याला काय बोध होतो. काका ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “कळलं. आता पुढची ओळ वाजव.” मला शिष्य मिळाला होता, पण तो शिष्यासारखा वागत नव्हता.

शिकवणी संपली की ते लगेच उठतही नसत. कौलांकडे बघत बसायचे. आज सालोमीनं दोन घास खाल्ले. आज नाही खाल्ले. तिच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, मी धुतो, पण भरत नाहीत. मी काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडावं, तर ते हातानंच थांबवायचे. एकदा असेच बसले असताना म्हणाले, “विनू, मला भीती वाटते गं.” इतक्या लोकांना मातीआड केलेला माणूस. मला वचनं पाठ होती, वाटेल तेवढी होती, पण त्या वेळी एकही ओठावर आलं नाही. मी चहा टाकला. तो त्यांनी घेतला. माझ्या घरी त्यांनी काही घेतल्याची ती पहिलीच वेळ.

इकडे ईस्टर जवळ येत चालला होता आणि मला झोप येईनाशी झाली. रस्त्यात पाळकसाहेब भेटले की विचारायचे, “काय बाई?” मी म्हणायची, “बघू.” त्यांची तब्येतही उतरली होती. ते एकेका घरावरून चालत जायचे, आत डोकवायचे, गुरू एकटाच बसलेला दिसला की पुढं निघायचे. मला वाटायचं, पळत जाऊन सांगावं, की माझ्याकडे येतो एकजण, रोज येतो, आणि कोण येतो ते ऐकाल तर बसाल खाली.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला आणि मला राहवेना. काकांना पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. मावशींनी सांगितलं तर ते ऐकतील, असा विचार करून मी, काका शेजारच्या गावी एका मयताला गेले आहेत हे पाहून, त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

“सलाम मावशी,” मी म्हटलं.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उत्तर नाही. मी पुन्हा मोठ्यानं सलाम केला. तरी नाही. मी धावत जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा त्या दचकून वळल्या आणि माझं तोंड पाहून हसल्या.

“विनू व्हय? ये, बस. मोठ्यानं बोलू नको, उपेग न्हाई. सावकाश ओठ हलव, म्हंजे मला कळतं.”

त्यांचा आवाज मात्र पार कंपाउंडाच्या फाटकापर्यंत जाईल इतका मोठा होता. मी उठून दार लावून घेतलं.

“ऐकू येत नाही?” मी ओठ हलवले.

“साल झालं. देवळाची घंटाबी येत न्हाई.”

मी त्यांच्या अंथरुणाशी बसले. मग एकेक शब्द सुटा करत विचारलं, “काकांना माहीत आहे?”

“त्याला ठाऊक नसंल? त्यानंच कानात औषधं घातली की.”

“मग गाणं कशाला?”

मावशींनी माझा हात धरला. बोर्डिंगमध्ये आमच्या डोक्यातल्या उवा काढणारा तो हात आता नुसत्या काड्या झाला होता.

“मी त्याला म्हटलं, तू तोंड उघडून गा, मी बघीन. ऐकायला न्हाई, बघायला. एवढ्या वर्सांत त्यानं देवळात ओठ उघडलं न्हाईत. पण ते बी एक निमित्तच. आता तुला म्हणून सांगते, त्याला बोलू नको. हा माणूस समद्यांच्या दारात जातो, पण द्यायला जातो. औषध द्यायला, खांदा द्यायला. घ्यायला एकबी घर ठाऊक न्हाई त्याला. मी गेले की दार लावून बसंल आन् तसाच मरंल. म्हणून म्हटलं, एका दारात जायची सवय लागू दे.”

“माझंच दार का?”

“तुझ्या दारात तरी कोण येतं?” मावशी म्हणाल्या.

त्यांनी ते इतक्या मायेनं म्हटलं, की मला राग येण्याऐवजी रडू आलं. मग मी ज्यासाठी आले होते ते कसंबसं सांगितलं. परवाना, पाळकसाहेब, ईस्टरची पहाट. तुम्ही काकांना एक शब्द बोला. मावशी माझ्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं.

“मी न्हाई बोलायची. त्याला उभं ऱ्हावं वाटलं तर ऱ्हाईल. तू चारचौघांत त्याचं नाव घेतलंस, तर तो पुन्हा यायचा न्हाई. मी वळखून हाये त्याला.”

घरी येताना मला मावशींचा राग आला, काकांचा आला, पाळकसाहेबांचा तर फारच आला. शिष्य करा म्हणे. केला की. आता तो दाखवायचा कसा तेही सांगा.

ईस्टरच्या आधी आम्ही कबरी धुऊन चुना लावतो. त्या पहाटे अंधारातही त्या पांढऱ्या दिसत होत्या. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं. मी वडिलांच्या कबरीपाशी उभी होते. बर्नबाकाका पलीकडच्या चाफ्याखाली होते. पूर्वेकडे उजाडू लागलं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मग ते कबरींच्या मधल्या वाटेवर येरझारा घालू लागले.

“आता जोड्या पुढं येऊ द्या,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही. देठे मेणबत्तीचं मेण नखानं काढत होते. पाळकसाहेब वाटेच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“एकही नाही?”

वाऱ्यानं काही मेणबत्त्या विझल्या, तेवढंच. मग ते माझ्यासमोर येऊन थांबले. बाकी सगळ्यांकडून त्यांनी आशा सोडली असावी, माझ्याकडून नव्हती.

“बाई, तुमच्याकडे कोणी आलं?”

मी काकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लोकांनी ओळखलं असतं. व्यासपीठ मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसत होतं. त्याची सागवानी कड, वडिलांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. एक नाव उच्चारायचं होतं. खरंच तर बोलायचं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडे कोणी नाही.”

चाफ्याखाली काका खाली मान घालून उभे होते. ते बोलतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. ते बोलले नाहीत.

पाळकसाहेबांनी शेवटचं गाणं सांगितलं आणि लोक घाईघाईनं गाऊ लागले. सुटका झाल्यासारखे सगळे मोठ्यानं गात होते. मी गात नव्हते. मला राग आला होता, हे लपवायचं काही कारण नाही.

लोक गेल्यावर पाळकसाहेब माझ्या वडिलांच्या कबरीच्या कट्ट्यावर टेकले.

“माझ्याकडेही कोणी आलं नाही,” ते म्हणाले. “आणि रात्री लक्षात आलं, की मी तरी कुणाकडे गेलो? मला आजाऱ्याजवळ बसता येत नाही, बाई. काय बोलावं कळत नाही, म्हणून मी पळतो. हे शिकायला मी काकांकडे जायला हवं होतं. आणि मी त्यांच्या पाळ्या बंद केल्या.”

“अजून जा,” मी म्हटलं. त्याहून जास्त बोलण्याची माझी इच्छा नव्हती.

शिफारस गेली नाही. त्यांना माझ्याबद्दल खोटं लिहिता येणार नव्हतं आणि मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका मागच्या दारानं आले. पहाटेबद्दल अवाक्षर नाही. टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “पेटी काढ.” मी काढली. खूप दिवसांनी कधीतरी ते सांगत आले, की काल तिच्यासमोर बसून सगळं म्हटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत. मी विचारलं, मावशी काय म्हणाल्या? काका म्हणाले, “म्हणाली, तोंड फार वाकडं करतोस तू.” आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

आजाऱ्यांच्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. काका जायचे तिथं त्यांच्यामागून पाळकसाहेबही जाऊ लागले. दाराशी उभे राहायचे, चुळबुळ करायचे, पण पळत नसत.

मावशी दिवाळीच्या सुट्टीत गेल्या. सारी मंडळी लोटली होती. काकांनी स्वतःच्या बायकोला स्वतः खांदा दिला, माती लोटली, आलेल्यांना पाणी दिलं आणि गाण्याच्या वेळी ओठ मिटून उभे राहिले. मग घरी जाऊन दार लावून घेतलं.

तेच झालं होतं, मावशी म्हणाल्या होत्या तेच. देठेबाई डबा घेऊन गेल्या, तो परत आला. पाळकसाहेब गेले, दारातूनच आभार मानून त्यांना वाटेला लावलं. लोक मला म्हणू लागले, की तुझ्या वडिलांचे स्नेही, तू जाऊन बघ. मी गेले नाही. जाणं सोपं होतं. पण मी गेले असते तर ते पुन्हा देणारेच झाले असते, खुर्ची पुढं करणारे, धीर देणारे. मावशींनी त्यांना चालायला लावलेली वाट उलटी, घ्यायला येण्याची होती.

मी मागचं दार उघडं ठेवायची. शाळेतून आले की आधी तेच उघडायची. लिंबाची पानं पडवीत येत, ती झाडत बसायची. पाऊल वाजलं असं वाटायचं, जाऊन बघावं तर बोर्डिंगची शेळी. लेंटमध्ये बसले होते त्याहून हे बसणं वाईट होतं. तेव्हा मला परवान्याची काळजी होती. आता तो माणूस आतल्या आत संपतो आहे, ही होती.

एका संध्याकाळी मी अशीच पडवीत बसलेली असताना पुढचं दार वाजलं. माझं पुढचं दार देवळाच्या पटांगणावर उघडतं. त्या वेळी तिथल्या कट्ट्यावर सगळं कंपाउंड बसलेलं असतं. कुणी विद्यार्थी असेल म्हणून मी कडी काढली.

बर्नबाकाका उभे होते. अंगात कोट होता, दाढी वाढली होती, टोपी हातात होती. त्यांच्या मागं कट्ट्यावर देठे होते, बायका होत्या, करुणा होती. सगळे इकडेच बघत होते. पाळकसाहेबही तिथंच बसले होते, आणि मी त्यांना इतकं स्थिर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी मागं वळून त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “विनू, मला भूक लागली आहे. काही आहे का घरात?”

मी बाजूला झाले. ते आत आले आणि पेटीजवळच्या आपल्या नेहमीच्या जागी बसले. पिठलं-भाकरी होती, एका माणसापुरती. मी दार तसंच उघडं ठेवलं आणि दुसरं ताट घ्यायला आत गेले.